प्रौढ नर, एकटाच

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. आधी मलाही पटलं नव्हतं. पण हे ज्यांच्यासोबत घडलं ते माझे सख्खे भाऊजी आहेत, आणि मनाने काही रचून सांगण्याइतकी कल्पनाशक्ती त्यांच्याकडे नाही.

भाऊजी दातांचे डॉक्टर. छंद एकच... दुर्मिळ पक्षी गाठायचे.

पक्ष्यांवर प्रेम वगैरे काही नाही. वाट चुकून कुठला पक्षी आला, की इतरांच्या आधी फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा आणि बाकीच्यांना हिणवायचं. माझ्या ताईचं ऑपरेशन होतं, त्या दिवशीसुद्धा हे महाशय एका बदकामागे गेले होते.

गेल्या थंडीतली गोष्ट. दुपारी मेसेज आला. गावाबाहेरच्या बंद कागद गिरणीच्या तळ्यावर वेगळाच पक्षी दिसलाय. नंबर अनोळखी होता.

खुर्चीत पेशंट आ वासून बसलेला. भाऊजींनी त्याच्या दातात तात्पुरतं सिमेंट कोंबलं, "उद्या या" म्हणाले आणि सुटले.

पोचले तेव्हा ऊन कलत होतं. फाटकापाशी एकही गाडी नव्हती.

पहिला नंबर आपलाच, म्हणून भाऊजी खूश.

पण बांधावर चढले, तर...

माणसं उभी होती. ओळीने. पाठमोरी. प्रत्येकापुढे तिपाई आणि तिच्यावर लांबलचक दुर्बीण.

"आले हौशे-नवशे," भाऊजी पुटपुटले आणि कोपर मारत मध्ये घुसले. ज्याला कोपर लागलं, त्याचं जाकीट ओलंगच्च होतं.

"कुठंय?"

त्या माणसाने मान न वळवता नुसतं बोट दाखवलं.

भाऊजींनी बघितलं. पाणी... वाळलेलं गवत... बाकी काही नाही. बेडूक नाही. किड्याची किरकिर नाही. एवढी माणसं, पण कोणाचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

"मग बघताय काय, डोंबल?"

आणि तेव्हा त्यांचं लक्ष गेलं...

सगळ्या दुर्बिणींना झाकणं लावलेली होती.

टोकाची दुर्बीण हळूच वळली. मग तिच्या शेजारची. मग एकेक करत सगळ्या...

भाऊजींच्या दिशेने.

आणि ते लोक बोलायला लागले. दबक्या आवाजात. पक्षी बघणारे बोलतात ना, तसं.

"डोक्यावर टक्कल."

"मान आखूड. पोट मोठं."

"प्रौढ नर. एकटाच आहे."

"वाट चुकलाय."

भाऊजींनी ओरडायला तोंड उघडलं.

"हलू नका," कोणीतरी अगदी कानापाशी म्हणालं. "उडून जाईल."

ते कसे पळाले, त्यांनाच ठाऊक नाही. कॅमेरा तिथेच पडला. एक बूटही.

दुसऱ्या दिवशी सामान आणायला मला पाठवलं. मी वाटेत हसतच होतो. एवढा टेंभा मिरवणारा माणूस, आणि चार लोकांना घाबरून बूट टाकून पळाला.

कॅमेरा बांधावरच होता. बूटही होता. चिखलात पावलं उमटली होती... फक्त भाऊजींची.

तिपायांच्या खुणा मात्र होत्या. ओळीने नाही. त्यांच्या पावलांभोवती. गोल.

माझं हसू तिथेच राहिलं.

आता दवाखाना बंद आहे. घरात दिवसभर पडदे ओढलेले. परवा संध्याकाळी गेलो, तर भाऊजी भिंतीला टेकून बसले होते. मला वैताग आला. मी खिडकीकडे गेलो.

"नको रे उघडूस," ताई म्हणाली.

"चौथा मजला आहे, ताई. बाहेर कोण उभं राहणार?"

मी पडदा सरकवला. खाली रस्ता, समोर रिकामी गच्ची. कोणीही नाही.

"बघा," मी भाऊजींना म्हणालो. "आहे का कोणी?"

त्यांनी फक्त ओठांवर बोट ठेवलं.

आणि बंद काचेच्या पलीकडून... अगदी जवळून... दबका आवाज आला.

"आता दोन आहेत."

हे मी अडगळीच्या खोलीत बसून लिहितोय. आमच्या घरात खिडकी नसलेली एवढीच जागा आहे.