सापडल्याची घोषणा

जेवणाचा डबा झाकून मिनेको काळ्या स्क्रीनकडे वळली. डोंगरातल्या त्या गावात त्रेचाळीस भोंगे होते. त्यांवर कधी काय वाजायचं, ते नगर कार्यालयात बसून तीच लावायची. कमांड टाकली की यादी उमटे: क्रमांक, वेळ, मजकूर. पाच वाजता मुलांना घरी बोलावणारी धून. सहाला बर्फाचा इशारा. आज मात्र यादीत एक तिसरंच काम होतं, तिने न लावलेलं, दुपारी तीन चाळीसचं.

'अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ हरवले आहेत. राखाडी जाकीट, तपकिरी टोपी. दिसल्यास कळवावे.'

म्हातारी माणसं वाट चुकायची, घोषणा व्हायच्या. त्यात नवल नव्हतं. पण आधी माणूस हरवतो, मग घोषणा होते ना?

"कुरोकीसान, हे तुम्ही टाकलंत?"

"मी? तुझा तो काळा पडदा मला उघडतासुद्धा येत नाही, बाई!" शेजारच्या टेबलावरचे कुरोकी हसले.

तिचे वडील अठ्ठ्याहत्तरचे होते. दोन वर्षांपासून त्यांना तिचं नावही आठवत नव्हतं. तिने घरी फोन लावला.

"इथंच तर आहेत," आई म्हणाली. "निळा स्वेटर घालून टीव्ही बघतायत."

मिनेकोचा जीव भांड्यात पडला. तिने ते काम पुसलं आणि यादी पुन्हा मागवली. काम तिथंच होतं, नवा क्रमांक घेऊन. पुन्हा पुसलं. पुन्हा आलं.

सव्वातीनला आईचा फोन आला. "अगं, स्वेटरवर चहा सांडला त्यांनी. राखाडी जाकीट चढवलंय. पण तू मघाशी का विचारत होतीस?"

"आई, दाराला कडी घाल! नजर हलवू नकोस त्यांच्यावरून!"

पुसता येत नाही, पण घालता तर येतं! तिने चारचं काम घातलं: 'हरवलेले गृहस्थ सापडले. सहकार्याबद्दल आभार.'

तीन चाळीसला भोंगे बोलले. लगेच फोन वाजला. आई रडत होती. "कडी आतून लागलीय गं, आणि ते घरात नाहीत!"

अग्निशामक दलाची माणसं ओढ्यात उतरली. आता चारचं काम पुसायलाच हवं होतं, नाहीतर शोध थांबला असता. मिनेकोने पुसलं नाही. पहिली घोषणा खरी झाली, मग दुसरी का नाही होणार?

चारला भोंगे बोलले. माणसं हुश्श म्हणत माघारी फिरली.

ती धापा टाकत घरी पोचली. कडी आईने काढली.

वडील टेबलाशी बसले होते.

"ये, मिनेको. दमलीस?"

तिला रडू फुटलं. तिने त्यांचा उजवा हात घट्ट धरला.

मग सोडला.

वडिलांची लाकडाच्या गिरणीत ऐन तारुण्यात तुटून गेलेली करंगळी त्या हाताला शाबूत होती.

"आई..."

आईने वर पाहिलं नाही.

"मोजू नकोस," ती हळूच म्हणाली. "चहा निवतोय."