डमीचा चहा

माझ्या खुर्चीत एक अनोळखी माणूस ऐसपैस बसून तिखटमीठ लावलेला पेरू खात होता.

"ही माझी जागा आहे," मी म्हणाले.

"मग समोरची माझी." तो हसत उठला. "मी गोरक्षनाथ. मिरजगावचा, सध्या शिर्डीत हॉटेल सांभाळतो. तुमच्या क्लबाच्या सेक्रेटरींनी सांगितलं, रुपालीताईंना जोडीदार पाहिजे."

"ताई नको. आणखी काय सांगितलं त्यांनी?"

"हेच, की तुमी जोडीदाराला लई छळता."

खोटं नव्हतं ते. राहात्याच्या आमच्या ब्रिज क्लबात माझ्याबरोबर बसायला कुणी राजी नसायचं. ज्याची बोली सगळ्यांत वरची, तो डाव खेळतो. त्याचा जोडीदार आपली पानं टेबलावर उघडी मांडून गप्प राहतो, तो डमी. आणि आमच्याकडे रिकाम्या डमीनं टेबलाला चहा द्यायचा, असा रिवाज. मी कधीच चहा दिला नव्हता. डाव मीच खेळणार, जोडीदाराची बोली गेली चुलीत! पण आज जिंकणारी जोडी पुण्याला राज्य स्पर्धेला जाणार होती, आणि मला जायचं होतं… फार जायचं होतं.

दुपारभर आम्ही झक्क खेळलो. तो बघायचा, तेव्हा मी लावलेलीच पानं पुन्हा लावत बसायचे. शेवटच्या डावाला आम्ही आणि सेक्रेटरी बिभीषणकाकांची जोडी बरोबरीत होतो.

मी इस्पिक बोलले. तो बदाम बोलला. माझ्या हातात बदामाचा राजा होता, तरी मी हट्टानं पुन्हा इस्पिकच म्हटलं.

त्यानं शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "सहा बदाम."

म्हणजे तेरातले बारा हात करायचे! 'सहा इस्पिक' माझ्या ओठांवर आलं… तो पेरूवाला मात्र डोळे मिटून बसला होता, जणू मी काय करणार हे त्याला ठाऊकच होतं. मला त्याचा भयंकर राग आला. आणि तो आवडलाही.

"पास," मी म्हणाले.

काकांनी किलवरचा एक्का टाकला, मी माझी पानं उघडी मांडली, आणि पहिलाच हात त्यांनी घेतला. आता एकही गमावून चालणार नव्हतं, आणि हुकमाची, म्हणजे बदामाची राणी विरुद्ध बाजूला कुठंतरी होती. मी चार कप भरले आणि बसले.

काकांनी कपाला हात लावला नाही. मोठं पान लपवलेलं असलं, की काका चहा विसरतात, हे मला वर्षानुवर्षं माहीत होतं. पण डमीनं बोलायचं नाही, नजरेनंही नाही. मी टेबलावरच्या माझ्याच पानांकडं बघत राहिले.

पुढचा हात गोरक्षनाथनं घेतला आणि बदामाचा गुलाम टाकला. काकांनी लहान पान दिलं.

"डमीतून तिर्री," तो म्हणाला. राजा नाही… तिर्री!

मी ती पुढं सरकवली. राणी काकांच्या जोडीदाराकडं असती, तर डाव तिथंच बुडाला असता. त्याचं पान नहिला. गुलामानं हात घेतला! राणी काकांकडंच अडकली, पुढच्या फेऱ्यांत पडली, आणि बारा हात झाले.

"जिंकलो!" मी खुर्चीतून उडीच मारली.

"पोरी," काका कपाळाला हात लावून म्हणाले, "चहा गार झाला गं माझा."

टेबल रिकामं झाल्यावर मी गोरक्षनाथला विचारलं, "कसं ओळखलंत?"

"काकांचा कप भरलेला हुता. ज्याला काही लपवायचं असतं, त्याला चहा सुचत न्हाई."

मी त्याच्या कपाकडं पाहिलं. काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली.

"आणि तुम्ही काय लपवत होतात?"

तो कानापर्यंत लाल झाला. "सांगतो की… पुण्याला जाताना."

"आत्ता."

"तुमी मला आवडता. पास म्हणालात ना, तवापासून. लई."

मी त्याचा कप उचलला. "थांबा, गरम आणते."

"डाव संपला. आता तुमी डमी न्हाई."

"म्हणूनच आणतेय," मी म्हणाले, आणि दोन कप घेऊन निघाले.