नाकाचा पुरावा

“थांबा! आहात तिथेच थांबा!”

मी इतक्या जोरात ओरडले की दारातल्या माणसाच्या हातातला पाना खाली पडला. संग्रहालयाच्या तळघराच्या दारात तो डोक्यापासून बुटांपर्यंत निथळत उभा होता, माझ्या टेबलापासून जेमतेम चार पावलांवर. आणि टेबलावर चित्रकार ऑगस्टा हार्लोबाईंचे सत्तर वर्षांपूर्वीचे फोटो पसरलेले.

“बॉयलर बघायला आलोय,” तो दोन्ही हात वर करून म्हणाला. “गोळी घालू नका.”

“बॉयलर डावीकडे. आणि ती टोपी काढा, पाणी गळतंय तिच्यातून.”

त्याने टोपी काढली. माझी पहिली नजर गेली ती त्याच्या नाकावर. खोटं कशाला बोलू, दुसरी कुठे जाणं शक्यच नव्हतं. मध्ये उंचवटा, मग एकदम खाली उतार. देखणं म्हणता येणार नाही, पण विसरताही येणार नाही असं नाक.

तो पाना उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. टेबलावरचा एक फोटो तो निरखत होता. दोरीवर चादर वाळत घालणारी बाई, एका बाजूने दिसणारी. पाकिटावर मी पेन्सिलने लिहिलं होतं : ‘अनोळखी स्त्री, अंदाजे १९१६’.

“अनोळखी?” तो म्हणाला. “ही माझी पणजी आहे.”

“पुरावा?”

त्याने मान वळवली आणि स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं.

“नाक हा पुरावा होत नाही.”

“आमच्या घरात होतो,” तो म्हणाला आणि बॉयलरकडे निघून गेला.

१९८६चा फेब्रुवारी होता. अमेरिकेच्या किनाऱ्यावर, केप कॉडच्या टोकाला हिवाळ्यात बर्फही नाही आणि पाऊसही नाही असलं काहीतरी महिनाभर पडत राहतं. उन्हाळ्यातले चित्रकार आणि पाहुणे निघून जातात. उरतात मासेमार, त्यांची बायकापोरं आणि माझ्यासारखे कामापुरते आलेले. माझं काम म्हणजे हार्लोबाईंच्या एकोणचाळीस खोक्यांची यादी करणं. पत्रं, रोजनिशा, फोटो, कच्ची रेखाटनं. बाई गेल्यावर भाच्याने हाताला लागेल ते कोंबून संग्रहालयाला देऊन टाकलं होतं. एकतीस मार्चला यादी छापायला जाणार होती आणि त्याच दिवशी माझी नोकरी संपणार होती.

त्याचं नाव गिल फ्रेटस. पणजोबा पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून व्हेलच्या शिकारीच्या जहाजावर आलेले. त्या आठवड्यात आमचा बॉयलर तीनदा बिघडला. पुढच्या आठवड्यात चारदा.

“इतका कसा बिघडतो हो?” मी विचारलं.

“जुना आहे बिचारा. सोबत लागते त्याला.”

“बॉयलरला?”

“हो ना… बॉयलरला.” आणि कान लाल करून तो पाना पुसत बसला. पाना स्वच्छच होता.

हळूहळू सगळं कळलं. त्याच्या आजोबांची बहीण डिओलिंडा, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गिल तिला तिया, म्हणजे आत्या म्हणायचा, अख्खं गावच म्हणायचं. त्या फोटोवरून हार्लोबाईंनी रंगवलेलं चित्र बॉस्टनमधल्या मोठ्या संग्रहालयाच्या भिंतीवर लागलेलं होतं, आणि चित्रातली बाई आपली आई आदेलाइद आहे, असं तिया आयुष्यभर सांगत आली होती. गाव हसायचं. “एकदा छापून आलं ना,” गिल म्हणाला, “तर ती सुखाने डोळे मिटेल.”

“नाव लिहायला लेखी पुरावा लागतो. नाहीतर नावापुढे प्रश्नचिन्ह.”

“पुन्हा एकदा बघा तरी.”

मग मी भिंग काढलं. एका हातात फोटो, दुसऱ्या हातात भिंग, आणि समोर गिल, मान बाजूला वळवून, श्वास रोखून. उंचवटा जुळत होता. उतार जुळत होता. भिंगातून त्याच्या पापण्याही दिसत होत्या, आणि त्या फोटोशी ताडून बघायचं काहीच कारण नव्हतं.

“अजून किती वेळ?” त्याने ओठ न हलवता विचारलं.

“हलू नका.”

“तुम्ही नाकच बघताय ना?”

“…तू गप्प बस बरं!”

‘तू’ कधी तोंडातून निसटलं, मला कळलंच नाही. त्याला मात्र कळलं. तो मान न वळवताच हसला, आणि मी भिंग टेबलावर ठेवून उगीचच फोल्डर सारखे करू लागले.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी यादीचा पक्का मसुदा टंकायला बसले. तो फोटो आला. बोटं यंत्रावर थांबली. सात वर्षं या कामात घालवलेली बाई मी. संशोधकांशी एकेका तारखेवरून भांडलेली. आणि मी टंकलं : ‘आदेलाइद फ्रेटस, १९१६’. प्रश्नचिन्ह नाही. पुराव्याचं वजन वगैरे काही नव्हतं हो त्यामागे. गिल खूश होईल, एवढंच डोक्यात होतं.

झाला की तो खूश! पानाची प्रत त्याने दोन्ही हातांत धरली, दोनदा वाचली. मग माझा हात हातात घेतला. पेन्सिलीने माझी बोटं काळी झालेली होती.

“रविवारी जेवायला ये,” तो म्हणाला. “तिया केलच्या पाल्याचं सूप करणार आहे. सगळ्या आळीला बोलावलंय तिने.”

शुक्रवारी मी रेखाटनांचं शेवटचं खोकं उघडलं. तिसऱ्याच कागदावर तीच दोरी, तीच चादर, तेच नाक. मागे हार्लोबाईंचं अक्षर, स्वच्छ : ‘मिसेस रेगो, दोरीपाशी. तिसरी बैठक.’



तो कागद फोल्डरमध्ये सरकवून दिला असता तर पन्नास वर्षं कुणाला पत्ता लागला नसता. मी सरकवलाही. अर्ध्या तासाने परत काढला. मग यादीत ‘आदेलाइद फ्रेटस’ खोडून ‘मिसेस रेगो’ लिहिलं आणि बाथरूममध्ये जाऊन भरपूर रडले. सोमवारी यादी छापखान्यात जाणारच होती. पण त्याआधी रविवार होता.

तियाच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. सूप, तिखट लिंग्विसा सॉसेज, गोड पाव. आणि चुलीच्या वरच्या भिंतीवर, चौकटीत घालून, माझं ते टंकलेलं पान.

“ही बघा, ही विनी!” तियाने मला सगळ्यांसमोर पुढे ओढलं. “शिकलेली पोरगी. हिने लिहिलंय!”

शेजारीपाजारी जाईपर्यंत कसाबसा दम धरून बसले. मग तिघंच उरलो आणि मी एका दमात सांगून टाकलं. रेखाटन, रेगो, सगळं.

गिल उभा राहिला. “शुक्रवारी कळलं होतं. आणि आज, तिने सगळ्यांसमोर तुझं कौतुक केल्यावर सांगतेस?”

“तू परत आला नसतास.”

“म्हणजे?”

“म्हणजे… सांगितलं असतं तर तू तळघरात आला नसतास. आणि मला तू यायला हवा होतास. नाव तरी मी कशाला लिहिलं? पुरावा काडीचा नव्हता, ठाऊक होतं मला. आजवर असलं कधी केलं नाही. तुझ्यासाठी केलं. आवडतोस तू मला, गाढवा! फार आवडतोस. आणि त्यापायी मी माझं काम नासवलं.”

गिल माझ्याकडे बघत राहिला. तिया मात्र ताटं गोळा करायला लागली.

“रेगोच होती ती,” ती शांतपणे म्हणाली. “माझी मावशी. आईची सख्खी बहीण. नाक दोघींचं एकच.”

“तिया!” गिल ओरडला.

“ओरडू नकोस. आई आणि तासभर स्वस्थ उभी राहणार? छे! पण अकरा वर्षं त्या हार्लोच्या फरशा घासल्या तिने. रंगाचे डाग गुडघ्यावर बसून काढले. मावशी तीन दुपारी दोरीपाशी उभी राहिली तर भिंतीवर लागली, आणि माझ्या आईचं नाव कुठ्ठे नाही. मला ते सहन व्हायचं नाही. म्हणून बोलले खोटं. बोलले तर बोलले.”

तिने ताटं मोरीत ठेवली. तिचे खांदे हलत होते. गिलने जाऊन तिला मिठीत घेतलं. मी कोट चढवून निघाले. कुणी थांबवलं नाही.

सोमवारी सकाळी सातला मी तळघरात होते. अकरा वर्षं घरात वावरलेल्या बाईची एक खूणही राहू नये, हे मला पटत नव्हतं. एकोणचाळिसावं खोकं मी ‘स्वयंपाकघर, किरकोळ’ म्हणून न चाळताच बंद केलं होतं. अशी चूक आम्हा यादी करणाऱ्यांकडूनच होते. चित्रकाराच्या कागदांत चित्रकारालाच शोधत बसतो.

आत चिठ्ठ्या होत्या. शे-दीडशे. हार्लोबाई कामवालीसाठी टेबलावर ठेवून जायच्या आणि कामवाली खाली उत्तर लिहायची. आठच्या सुमारास मी दोन फोन केले. छापखान्याकडून दुपारपर्यंतची मुदत मागून घेतली. दुसरा फोन तियाला.

गिल तिला घेऊन आला. माझ्याशी बोलला नाही, पण माझ्या शेजारचीच खुर्ची ओढून बसला. मी चिठ्ठी तियासमोर ठेवली. ऑक्टोबर १९१९.

वर हार्लोबाईंचं नीटस अक्षर : ‘निळ्या वाडग्यातल्या नासपतींना हात लावू नये. चित्र अपुरं आहे.’

खाली जाडजूड, चुकतमाकत लिहिलेली अक्षरं : ‘नासपति नासल्या. फेकल्या. माश्या होत्या. वाडगा घासला. आदेलाइद.’

गिलने चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. “निळा वाडगा… म्हणजे ते रिकाम्या वाडग्याचं चित्र? ज्याच्यावर एवढी पुस्तकं लिहिलीत?”

“युद्धानंतरच्या माणसाचं एकटेपण म्हणतात त्याला,” मी म्हटलं. “मी स्वतः कॉलेजात तेरा पानं लिहिली होती.”

त्याला हसू आवरेना. मलाही. तिया हसत नव्हती. एकेका अक्षराखालून तिचं बोट सरकत होतं.

“आईला लिहिता येत होतं?” तिने विचारलं. “मला कधी बोलली नाही. मी तर समजत होते…” मग मोठ्याने वाचलं, “नासल्या. फेकल्या.” आणि डोळे पुसले. “अगदी अशीच बोलायची गं ती. तोडून टाकायची.”

मी यंत्रात कागद घातला आणि त्यांच्यासमोरच टंकलं : ‘आदेलाइद फ्रेटस, ऑगस्टा हार्लो यांना लिहिलेल्या चिठ्ठ्या, १९१३–१९२४. एकशे छत्तीस.’ तियाने माझ्याकडून ते तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाली की तिला बॉयलर बघायचाय, आणि काठी टेकत तिकडे निघून गेली.

गिल खुर्चीतच होता.

“रागावलायस?” मी विचारलं.

“काल होतो. रात्रभर होतो.” त्याने पेन्सिल उचलली, ठेवली. “उद्यापासून तू कुठे जाणार?”

“बॉस्टन. कदाचित. इथली नोकरी तर संपली.”

“मी नोकरीचं विचारलं नाही, विनी.”

“मग काय विचारलंस?”

“थांबशील का, हे विचारलं. मला नीट बोलता येत नाही. मला तू हवी आहेस. बॉयलर पहिल्याच दिवशी दुरुस्त झाला होता.”

“थांबेन,” मी म्हटलं.

पलीकडून तियाचा आवाज आला. “झालं असेल बोलून तर मला घरी सोडा. सगळ्या आळीला सांगायचंय मला. या वेळी खरं.”