खाचांची काठी

वरसे गावात पाणी एक दिवसाआड यायचं, म्हणून एझ्रा रोज सकाळी गच्चीवरच्या टाकीत काठी बुडवून बघायचा. काठी सागाची, अंगावर खाचा पाडलेली, लढाईतून घरी आणलेली. त्रेचाळीस साली बंगालमध्ये गोऱ्यांच्या चार इंजिनांच्या बॉम्बर विमानांत पेट्रोल किती उरलं, ते तो हिनेच मोजायचा.

त्याच्या लेकीला, तामारला, ती कहाणी पाठ झाली होती. रंगूनपर्यंत जायचं, बॉम्ब टाकायचे आणि समुद्रावरून परत यायचं. पेट्रोलचे काटे खोटं बोलायचे. विमानं धावपट्टीवर हुकमाची वाट बघत उभ्या उभ्या पेट्रोल जाळायची. साहेब बॉम्ब वाढवायचे, पेट्रोल कमी करायचे. मरणारी पोरं काही त्यांची नव्हती. एक विमान परत आलंच नाही. 'बेपत्ता' असं लिहून साहेब जेवायला गेले. एझ्रा जेवला नाही.

"वर गेलंय, खाली आलेलं नाय," तो म्हणायचा. "म्हंजे वरच हाय."

चौऱ्याण्णवच्या मार्चात तामारच्या भावाने, एलियाहने, इस्राएलहून दोघांची तिकिटं पाठवली. तामारने राजीनामा दिला, घर विकलं. आणि त्याच आठवड्यात काठीला पेट्रोलचा वास यायला लागला.

तामार रसायनाच्या कंपनीत लॅबला होती. वारा फिरला की कंपनीची घाण घरात शिरायची, तसंच काही असेल म्हणून तिने नाक मुरडलं. मग काठीवर बोट फिरवलं. बोट गार पडलं आणि लगेच सुकलं. पेट्रोलच. टाकीतलं पाणी तिने पिऊन बघितलं. चांगलं होतं. दुसऱ्या दिवशी काठीवरची पेट्रोलची ओल एक खाच खाली आली होती.

"बाबा, काठीला काय लावता तुम्ही?"

"मी कशाला लावू? तिकडं जळतंय ते."

शनिवारी शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. एझ्रा काडेपेटीला हात लावायचा नाही, टाकीही मोजायचा नाही. तामारने शुक्रवारीच काठी कपाटामागे लपवली. शनिवारी काढली तर ओली, अजून एक खाच खाली.

"काठी सुकली की येतो तुझ्यासंगं," एझ्रा म्हणाला. "तवर खाली कोनतरी पायजे गो."

शेजारीण पुतळी दारातून हसली. "बाबानू, पेट्रोल संपलं तर एष्टीनं येतील वो ते!"

"एष्टी नाय थांबत तिथं," एझ्राही हसला.

तामारला हसू आलं नाही. तिला काहीच वाटेनासं झालं होतं. सकाळी उठायचं, ओल बघायची, चहा टाकायचा. पेणचा व्यापारी टेम्पो घेऊन आला, कपाट आणि पलंग घेऊन गेला. घरात एक खुर्ची, दोन चटया, दोन बॅगा आणि काठी. इस्राएलचं विमान रविवारचं.

शुक्रवारी दुपारी तिने पांढऱ्या फडक्याने काठी टोकापर्यंत पुसली. फडकं पांढरंच राहिलं.

"सुकली," एझ्रा म्हणाला. त्याने स्वतःची टोपी स्वतः बॅगेत ठेवली. "जाऊ परवा."

कितीतरी दिवसांनी तामारला गाढ झोप लागली.

शनिवारी ती उठली तेव्हा उन्हं घरात आली होती. एझ्रा खुर्चीत बसला होता. दोन्ही हात मनगटापर्यंत काळे. नखांत ग्रीस. लढाईतले शनिवार सोडले तर या माणसाने शब्बाथला कधी दिवाही लावला नव्हता.

"बाबा, कुठे गेला होतात?"

"पोरं हायेत गो अजून. मिशाही फुटल्या नायत." तो हातांकडे बघत होता. "रातीला विमान रिकामं आलं होतं. तसंच कसं सोडायचं?"

"बाबा, उद्या विमान आहे आपलं."

एझ्राने बॅगेतून टोपी काढली, डोक्यावर ठेवली. खुर्ची खिडकीकडे वळवली.

"आता पुष्कळ दिवस पुरंल," तो म्हणाला.

तामार कोपऱ्यात गेली. काठी उचलली.

सगळ्यात वरच्या खाचेच्याही वर, हाताने धरायच्या जागेपर्यंत ती ओली होती.