सरकलेली ओळ

कंप्युटरच्या खोलीत कसलं आलंय भूत, असं मीही म्हणायचो. पण हे माझ्या मेहुण्याच्या, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याच्या बाबतीत घडलंय. नोव्हेंबरातली रविवारची रात्र, पावणेबाराचा सुमार. बहीण दुपारी बाळंत झालेली, वरच्या वॉर्डात. हा तिला शाल द्यायला गेला. त्या दवाखान्यातलं कंप्युटरचं काम त्याच्याकडेच, म्हणून परतताना तळघरात डोकावला. रुग्णांची जुनी एक्सेल त्यानेच नव्या यंत्रणेत चढवली होती आणि नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसताहेत, अशी तक्रार आली होती.

मराठी अक्षरांसाठी युनिकोड निवडायचं राहिलंय, दुसरं काय, म्हणत तो बसला. नावं सुधारली. सहज बायकोचं नाव काढलं, तर रक्तगट भलताच. मथळ्याची ओळही मोजणीत धरली गेली होती. सगळ्यांचे रक्तगट एकेक घर खाली घसरले होते.

मथळा वगळून पुन्हा चढवलं. तरी घसरलेलंच. बायकोच्या बरोबर वर एक जास्तीची ओळ. नावात अजून प्रश्नचिन्हंच. पुढे एवढंच: स्त्री. रक्त चढवताना मृत्यू.

मूळ फाइलमध्ये ही ओळ नव्हती. त्याने ती पुसली. पुन्हा चढवलं. आली. पुसली... आली.

तेवढ्यात मोबाइलवर आमची आई. रक्तस्राव थांबत नाही, कंप्युटरवरचा गट बघून रक्ताची पिशवी मागवलीय, म्हणाली. हा बोलायच्या आत फोन तुटला.

आईचा फोन लागेना. वॉर्डाचा लावला. व्यस्त. पुन्हा व्यस्त. हे मी केलंय, एवढंच डोक्यात. मग तो पळाला.

वर पिशवी टेबलावर पडली होती. नळी जोडलेली नव्हती.

सिस्टर म्हणाली, "बरं झालं, तळघरातून तुमच्या खोलीतल्या बाईंनी फोन करून थांबवलं. फोन सोडायलाच तयार नव्हत्या. थांबा... थांबा... एवढंच बोलत होत्या."

"माझ्या खोलीत कोणी नाही."

सिस्टरने ती पिशवी परत पाठवली.

रक्त नव्याने तपासलं. योग्य पिशवी आली. पहाटे बहिणीने डोळे उघडले, तेव्हा कुठे तो खाली गेला.

त्याच्या खुर्चीमागे भिंतीवर दवाखान्याचा जुना अंतर्गत फोन आहे. रिसीव्हर खाली लोंबत होता.

त्याने उचलला. कानाला लावला नाही.

बोलायच्या जाळीवर श्वासाची वाफ होती. ओली... अजून.