चौथी वळी

"तो माहा नवरा नाई," अंजना म्हणाली. "अन परवा त्याच्यासंगं मले पाठवून राह्यले. तुमी खरं काय थे शोधा, नाई तर बांधून नेतीन मले."

बापूराव ठोंबरे यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. वरिष्ठ साहेबाला तोंडावर मूर्ख म्हटल्यामुळे त्यांची पोलीसखात्यातली नोकरी गेली होती. तेव्हापासून वाशीममध्ये ते खासगी तपास करत. दाराशी टांगेवाला लखीराम उभा होता. बापूरावांची सगळी ये-जा त्याच्याच टांग्यातून होई आणि सगळी प्रकरणं तो त्यांच्या आधी सोडवी. दर वेळी चुकीची.

"नीट सांगा," बापूराव म्हणाले.

अंजना रिठदची सून. एक्केचाळीस साली, तेराव्या वर्षी लग्न झालं. तीन महिन्यांत नवरा जगदेव फौजेत गेला आणि इटलीत लढायला पोचला. गेल्या उन्हाळ्यात तार आली, जगदेव बेपत्ता. आणि दहा दिवसांपूर्वी अर्धा चेहरा भाजलेला एक माणूस दारात येऊन म्हणाला, मी जगदेव.

"तुम्ही नवऱ्याला ओळखत नाही?"

"तीन महिने पदराआडून पाह्यला. चेहरा याद नाई मले. सासूबाईच्या डोयात मोतीबिंदू हाय. त्यायनं आवाज ऐकला अन गळ्यात पडल्या."

"मग हा तो नाही कशावरून?"

"माहा जीव सांगते."

"जीव कोर्टात चालत नाही, बाई."

अंजनाचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही. तिला बापूरावांचा राग आला होता आणि तो तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. "त्याच्या हातावर गोंदन हाय," ती म्हणाली. "त्याच्यावरूनच साऱ्या गावानं मानला. जगदेवनं इटलीतून एकच चिठ्ठी पाठवली होती. तिच्यात त्या गोंदनाचं चितर होतं, चार वळ्या. न्यूझीलंडच्या कोन्या मावरी शिपायानं काढून देल्ल्या म्हने. भासऱ्यायनं वाचून दाखवली. मले कुठं वाचता येते?"

भासरे म्हणजे थोरले दीर, रामराव.

रिठदच्या वाटेवर लखीरामनं निकाल दिला, "बाईच खोटी हाय. घरात दुसरंच काई असन." आणि चाबूक उगारला. बाही मागे सरकली. दंडावर मारुती गोंदलेला होता आणि शेपटीच्या टोकाशी एक सुटा ठिपका.

"हे काय रे? मारुतीला गोवर निघाला?"

"तीट हाय, साहेब. जमनाबाई गोंदनारीन लावते. रिसोडच्या बाजारात बसते ना, थे. हरेक गोंदनाले लावते, नजर लागू नोको म्हनून."

"मारुतीला नजर लागते?"

"तिले इचारा. थे लावल्याबिगर हात सोडत नाई."

रिठदला कोणी या म्हटलं नाही. चावडीवरच्या माणसांनी पाठ फिरवली. रामरावांनी तर दारातच हात आडवा धरला.

"तुमाले कोनं बोलावलं?"

"तुमच्या भावजयीनं."

"मंग चुकीच्या दारात आले. मी पह्यल्या दिवसापासून बोंबलून राह्यलो का हा भामटा हाय. माय ऐकत नाई, पंच ऐकत नाईत. मी एकटा किती भांडू?"

"जगदेवची चिठ्ठी पाहायची होती."

"दिवाळीच्या साफसफाईत गेली. शेवया सांडल्यावानी काईतरी काढलं होतं. मले याद नाई."

"मग बाईला त्याच्याबरोबर पाठवता कसे?"

रामरावांनी पागोटं सारखं केलं. "पंचायनं मांडवली केली. उद्या सकायी चावडीत पक्कं होईन. परवा रिसोडले रजिस्ट्रारासमोर त्यानं आपल्या बारा एकरावरचा हक्क माह्या नावानं सोडायचा. मंग बायको घ्यावी अन गाव सोडावं. तेवढ्यासाठी मी त्याले भाऊ म्हनीन."

"माणूस मोठ्या मनाचा हाय," लखीराम हळूच म्हणाला. बापूरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो घोड्याजवळ जाऊन उभा राहिला.

आत कस्तुराबाई, जगदेवची आई, भिंतीला टेकून बसली होती. पाहुणा कोण ते कळताच तिनं शिव्यांनीच सुरुवात केली.

"त्या अवदसेनं आनलं तुमाले! तिले नवरा नोको हाय. माहा लेक मले वयखू येत नाई का?"

"डोळ्यांनी दिसतं का, आजी?"

"बोटायनं दिसते. हात धरला त्याचा. गोंदनाची रेघ न रेघ बोटाले लागली."

बापूरावांनी तिचाच हात हळूच धरला. मनगटावर चाळीस वर्षांपूर्वीचं तुळशीवृंदावन होतं. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि हात सोडला.

तो माणूस मागच्या ओसरीत बसून हाताला हळद-तेल चोळत होता.

"थंडीनं कातडी फुटते," तो न विचारताच म्हणाला. "पाहा, पाहून घ्या. सारं गाव पाहून गेलं."

कोपरापासून मनगटापर्यंत गोल गुंडाळलेल्या चार काळ्या वळ्या, एकीतून दुसरी निघालेली. काम सुबक होतं. कोपराशी, वळ्यांपासून जरा दूर, एक सुटा ठिपका.

"हे कधी काढलं?"

"त्रेचायीसच्या हिवायात. दवाखान्यात. मावऱ्यानं सुईनं काढलं."

"आणि हा ठिपका?"

"थो बी त्यानंच देल्ला. सारं त्याच्याच हातचं."

"चार वळ्यांचा अर्थ काय?"

तो छाती काढून म्हणाला, "चार लढाया. त्यायच्यात मर्द मानूस तसंच गोंदते."

तिथून बापूरावांनी टांगा रिसोडला घ्यायला लावला. बाजारात जमनाबाईच्या पालाशी ते तासभर बसले. निघताना त्यांनी एक घडी केलेला कागद खिशात घातला. तिच्याजवळ गोंदणाच्या नमुन्यांची एक थैली असे, आणि नवी नक्षी ती जीव गेला तरी टाकत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडी भरली होती. बापूरावांना पाहताच कुजबुज सुरू झाली आणि कोणीतरी मागून म्हणालं, "हाकला याले."

"हाकला, पण ऐकून हाकला," बापूराव म्हणाले. "हा माणूस जगदेव नाही."

कस्तुराबाई ओरडली. पंच उठले. बापूराव जागचे हलले नाहीत.

"आजी, तुमचंच बोट माझा साक्षीदार आहे. या गोंदणाची रेघ न रेघ तुमच्या बोटाला लागली. आता स्वतःच्या तुळशीवरून बोट फिरवा. लागतं काही? जुनं गोंदण कातडीत बसून जातं. दोन वर्षांचं गोंदण सपाट हवं. हे अजून उठून आहे, म्हणून त्याला हळद-तेल लागतं."

कस्तुराबाईचं बोट तिच्या मनगटावर थांबलं.

"दुसरं, हा ठिपका. लखीराम, बाही वर कर. पंचांनो, तुमच्या घरच्या बायकांचे हात आठवा. प्रत्येक गोंदणाशेजारी असा एक सुटा ठिपका आहे. ही जमनाबाईची तीट. तिच्या हाताला सवयच ती. हा म्हणतो ठिपका मावरी शिपायानं दिला. समुद्रापलीकडच्या बेटावरचा माणूस रिसोडची तीट कशाला लावील? हे गोंदण रिसोडला झालं, महिन्याभरात."

भाजलेल्या चेहऱ्याच्या माणसानं बाही खाली ओढली.

"मी म्हनतच होतो!" रामराव गरजले. "भामटा हाय!"

"म्हणत होता. पण रामराव, जो माणूस जगदेव नाही, त्याची सही घेऊन तुम्ही काय करणार होता? भामट्यानं सोडलेला हक्क कवडीमोलाचा. ज्याला तो खरोखर खोटा वाटतो, तो त्याची सही मागत नाही, त्याला पोलिसात देतो. तुम्हाला तो खरा ठरायला हवा होता, आणि तुमचं त्यात काही नाही असंही दिसायला हवं होतं. म्हणून आधी बोंबललात आणि मग मोठ्या मनानं हरलात. जगदेव मेला असेल तर आताच्या कायद्यानं त्याचा वाटा बायकोकडे जातो. जगदेव परत आला आणि सही करून गेला, तर जमीनही तुमची आणि बायकोची ब्यादही टळली."

"पुरावा काय?"

"नक्षी कुठून आली? जगदेवच्या चिठ्ठीतून. चिठ्ठी तुमच्याजवळ. जमनाबाईला तुम्ही सांगितलंत, काम झालं की कागद जाळ." बापूरावांनी खिशातून घडी काढली. "हीच ती चिठ्ठी. तुम्ही तिच्याशी आयुष्यात नीट बोलला असता, तर कळलं असतं की ती नक्षी जाळत नाही. चित्रात ठिपका नाही, पाहून घ्या. आणि तिनं तुमचं नावही सांगितलं."

भाजलेला माणूस मटकन खाली बसला. "मी अकोल्याच्या कापसाच्या जिनातला चंपत," तो म्हणाला. "वाफेनं भाजलो. यायनंच आनलं मले."

रामराव अंजनाकडे पाहून थुंकले. पण पंचांपैकी कोणी त्यांच्या बाजूनं बोललं नाही.

"जल्मभर भलं होनार नाई तुयं," कस्तुराबाई अंजनाला म्हणाली. "माहा लेक दुसऱ्यांदा मारला तू." मग ती धाय मोकलून रडू लागली.

"चित्राच्या मागे मजकूर आहे," बापूराव म्हणाले. "रामरावांनी अर्धाच वाचून दाखवला होता." त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"शेजारच्या खाटेवर मावरी शिपाई आहे. त्याच्या आज्याच्या तोंडावरही गोंदण होतं. तो म्हणतो, गोंदण नुसती शोभा नसते, माणूस कोणाचा ते त्यावरून कळलं पाहिजे. वळी म्हणजे त्यांच्या रानातला कोवळा कोंब, उलगडायच्या आधी गुंडाळलेला. त्यानं विचारलं, तू कोणाचा? मी चार नावं सांगितली. पहिली वळी माय, दुसरी बाबा, तिसरी दादा. चौथी अंजना. ती मनगटाशी घेतली, बंदूक धरली की तीच डोळ्यासमोर येते."

रामरावांनी मान खाली घातली. कस्तुराबाईचं रडणं थांबलं होतं.

"माहं नाव कुठं हाय?" अंजनानं विचारलं. "बोट ठेवा."

बापूरावांनी तिचं बोट त्या अक्षरांवर ठेवलं. तिनं ते दोनदा अक्षरांवरून फिरवलं.

पुढच्या आठवड्याच्या बाजारी ती जमनाबाईपुढे बसली आणि मनगट पुढे केलं. चौथी वळी पुरी झाली. जमनाबाईनं पुन्हा सुई काजळात बुडवली आणि तीट लावायला हात धरला.

अंजनानं मनगट मागे घेतलं.

"नोको," ती म्हणाली. "त्याच्या हातावर नोयती."