एकेचाळीस दुधाचे दात

लुसाकाच्या, दातांतल्या नोंदी वाचणाऱ्या दंतपंजिका प्रयोगशाळेत डॉ. लुयांडोने एकेचाळिसावा दात चिरून वाचला आणि यंत्र बिघडलंय असं जाहीर केलं. वैज्ञानिक माणूस यंत्राला बोल लावायला लागला की समजावं, उत्तर त्याला कळलेलं आहे आणि नको आहे.

समोर सरकारी बालहक्क वकील मुटाले काब्वे बसला होता. कायदा त्याला तोंडपाठ होता, पण दाताचं शास्त्र नवीन. न्यायाधीशांना समजेल अशा भाषेत सांगा, असं त्याने तिला विनवलं.

“झाडाला वर्षाला एक वलय येतं ना, तसा बाळाच्या दातावर रोज एक थर चढतो,” लुयांडो म्हणाली. “त्या दिवशी अंगात जे असेल ते त्या थरात कायमचं अडकतं. आईच्या दुधातला बेरियम अडकतो, ती दुग्धरेषा. डब्याच्या दुधाची खूण वेगळी दिसते. आणि बाळावर मोठा आघात झाला, तर त्या दिवसाचा थर काळपट निघतो. त्याला आम्ही वियोगरेषा म्हणतो. जन्माच्या दिवसाची खूण असतेच. तिथून पुढे दिवस मोजत जायचं.”

“मग या मुलांचं काय निघालं?”

“एकेचाळीसच्या एकेचाळीस मुलांची दुग्धरेषा एका दिवसात तुटली आहे. त्याच दिवशी वियोगरेषा. तो दिवस उजेडघर अनाथालयात दाखल झाल्याचा.”

मुटालेने दाखल्यांची चळत पुढे ओढली. प्रत्येक दाखल्यावर लिहिलं होतं की मूल दाखल होण्याच्या सहा महिने आधीच आई वारली.

“मेलेली बाई दूध पाजत नाही, डॉक्टर,” तो म्हणाला.

लुयांडोला हे ऐकवेना, कारण ती स्वतः उजेडघराची. चोमा गावातल्या त्या अनाथालयात ती लहानाची मोठी झाली. तीन आठवड्यांची असताना फाटकाशी सापडली आणि डब्याच्या दुधावर वाढली, ही गोष्ट तिने शंभरदा ऐकली होती, प्रत्येक वेळी उजेडघर चालवणाऱ्या बामा चिलाला यांच्याच तोंडून. बामा म्हणजे तोंगा भाषेत आई, आदराने म्हणायची. सगळी मुलं त्यांना बामाच म्हणत. त्यांच्याविरुद्ध कुणी अवाक्षर काढलं तर लुयांडो भांडायला उठे.

नवा पर्यायी संगोपन कायदा मात्र कुणाच्या पुण्याईवर चालत नव्हता. त्याचं म्हणणं साधं होतं. मूल आधी आईबापाकडे, ते नसतील तर मावशी-काकांकडे, मग पालक कुटुंबाकडे, आणि यातलं काहीच जमलं नाही तरच संस्थेत. तोंगा लोकांत आईच्या बहिणीलाही आईच म्हणतात, तिथे मूल सहसा उघड्यावर पडत नाही. मग एकट्या चोम्यात इतकी अनाथ मुलं कुठून आली, असा प्रश्न मुटालेने न्यायालयात विचारला होता. आया जिवंत असल्याचं सिद्ध झालं तर मुलं घरी जाणार होती. नाहीतर उजेडघराला दहा वर्षांचा नवा परवाना मिळणार होता, म्हणजे आणखी मुलं.

दात दिले ते बामांनीच. मुलाचा पहिला दात पडला की तो नाव घालून काड्यापेटीत ठेवायची त्यांची रीत होती. दातावर भुकेच्या खुणा दिसतात एवढं त्यांच्या कानावर आलं होतं. पोरं उपाशी आली आणि माझ्याकडे धडधाकट झाली, हे जगाला दिसू दे, असं त्या म्हणाल्या. अट एकच घातली, की तज्ज्ञ लुयांडोच हवी. रक्ताचं नातं नसल्याने न्यायालयाने ती मान्य केली. लुयांडोला तेव्हा भरून आलं होतं.

पण यंत्र बरोबर चालतंय का, हे पाहायला ज्याचा इतिहास पक्का ठाऊक आहे असा एक दात लागतो. त्या काड्यापेट्यांत लुयांडोचीही एक होती. तिने तो दात यंत्रात ठेवला. तीन आठवड्यांनंतर डब्याच्या दुधाची खूण दिसायला हवी होती.

दुग्धरेषा सतरा महिने चालली होती. हळूहळू फिकट होत संपली होती. वियोगरेषा कुठेच नव्हती.

लुयांडोने तपासणी तीनदा केली. मग मुटालेला काही न सांगता दुसऱ्या दिवशी चोम्याची बस धरली.

बामा ओसरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. लुयांडोने टेकायच्या आधीच विचारलं. “सतरा महिने मी कुणाचं दूध प्यायले, बामा?”

बामांचे हात थांबले नाहीत. “त्या वर्षी या घरात दुसरी बाई होती कुठे?”

“मग मला अनाथ का म्हणालात?”

“परवान्याला एक अनाथ मूल लागत होतं. तू माझ्या कडेवर होतीस.” पुढचं त्या आमटीची कृती सांगावी तशा सांगत गेल्या. देणगी द्यायला येणाऱ्या पाहुण्यांना अनाथ मुलांचा कळवळा येई, आई असलेल्या गरीब मुलाचा येत नसे. म्हणून त्या गावोगावच्या आयांकडे गेल्या. वाढवते, शिकवते आणि परत आणून देते, असं सांगून त्यांनी मुलं आणली. शिक्षण खरोखरच दिलं. परत मात्र एकालाही दिलं नाही.

लुयांडोला वाटलं होतं, आपल्याला रडू येईल. आला तो संताप. या बाईने स्वतःचं मूल एक दिवस लांब केलं नव्हतं. लांब केल्यावर काय होतं हे तिला नेमकं ठाऊक होतं, आणि तरीही तिने एकेचाळीस बायकांच्या छातीपासून मुलं तोडली. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि चौतीस वर्षं लुयांडो त्या कुंपणाची आरती करत होती.

“मी सगळं लिहिणार आहे,” ती म्हणाली.

“लिही की. मुलीने आईबद्दल दिलेला अहवाल न्यायालय केराच्या टोपलीत टाकतं. तुझं नाव सुचवायच्या आधीच मी माझ्या वकिलाला विचारून घेतलं होतं. आणि ते दात तू चिरलेस. तुझा हात लागलेले दात आता पुरावा म्हणून कोण धरणार?”

म्हणजे तज्ज्ञ लुयांडोच हवी, या अटीमागे विश्वास नव्हताच. ती बामांची राखीव ढाल होती.  

मग लुयांडोने पिशवीतून अहवाल काढला. पक्षकाराशी नातं, या रकान्यात ‘मुलगी’ असं लिहिलं, खाली सही केली आणि तिथूनच मुटालेला फोन लावला. माझा अहवाल रद्द करा, दुसऱ्या देशातला तज्ज्ञ नेमा आणि मुलांच्या पडणाऱ्या दातांवर आजच्या आज न्यायालयाचा पहारा मागा, एवढं सांगून तिने फोन ठेवला.

“कुठले दात?” बामांनी विचारलं.

“एका मुलाला वीस दुधाचे दात असतात, बामा. तुम्ही एकेकच ठेवला होतात. या मुलांतला सगळ्यात मोठा आठ वर्षांचा आहे. बाकीचे बहुतेक दात अजून तोंडातच आहेत.”

बामांच्या मांडीवरचं सूप कलंडलं. शेंगा ओसरीभर झाल्या. “लुयांडो, मी तुला कधी लांब केलं नाही,” त्या म्हणाल्या, आणि हे खरं होतं.

लुयांडो पायऱ्या उतरून फाटकाबाहेर पडली. मोठ्या माणसाच्या दातावर नवा थर चढत नाही. आजच्या दिवसाची रेषा कुठेही उमटणार नव्हती.